सुधारगृहातील कॉर्नेट

नाताळ जवळ आला की आपल्या अनेक मंडळ्यांतील तरुणांना वाद्यवृंदाची आठवण होते. पेटी आणि ढोलकी असतेच. कोणीतरी एखादा जुना ट्रंपेट मिळवून आणतो आणि पंधरा दिवसांत एक गीत बसवण्याचा बेत ठरतो. पहिल्या दिवशी त्या वाद्यातून नुसता वारा निघतो, दुसऱ्या दिवशी हंबरल्यासारखा आवाज येतो. आठवडा संपेपर्यंत ओठ सुजतात आणि ट्रंपेट पुन्हा कपाटात जातो. अशा तरुणांनी, आणि त्यांना शिकवू पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही, लुई आर्मस्ट्राँग यांच्या बालपणातील साडेसतरा महिन्यांची हकिकत जाणून घ्यावी असे मला वाटते. विसाव्या शतकातील सर्वांत थोर ट्रंपेटवादकांत त्यांची गणना होते. परंतु ते वाद्य शिकले कसे, हे त्यांच्या कीर्तीइतके सर्वपरिचित नाही.

लुईचा जन्म ४ ऑगस्ट १९०१ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लीन्स या शहरात झाला. आपण ४ जुलै १९०० रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी जन्मलो, असे तो जन्मभर सांगत राहिला. खरी तारीख त्याच्या मृत्यूनंतर एका कॅथॉलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत सापडली. त्या नोंदीप्रमाणे २५ ऑगस्ट १९०१ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. बाप लवकरच घर सोडून गेला. आई मेरी अ‍ॅन मोलमजुरी करी. पहिली काही वर्षे आजी जोसेफिन हिने त्याला सांभाळले. तीच त्याला उपासनेला आणि शब्बाथ शाळेला नेत असे. आपण गाऊ लागलो ते तेथे, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. ज्या वस्तीत तो वाढला तिला लोक ‘बॅटलफील्ड’, म्हणजे रणांगण, असे म्हणत. चाकू आणि पिस्तूल तेथे रोजचेच होते.

कार्नोफ्स्की नावाचे एक गरीब यहूदी कुटुंब लिथुआनियातून येऊन तेथे स्थायिक झाले होते. त्यांच्या भंगाराच्या गाडीवर लुई लहानपणी काम करी. गाडी आल्याचे लोकांना कळावे म्हणून त्याच्या हाती पत्र्याचा एक स्वस्तातला भोंगा दिलेला असे, आणि त्या भोंग्यातूनच तो ओठांच्या बळावर सूर काढू लागला. पुढे एका गहाणवटीच्या दुकानात त्याला ५ डॉलरचा जुना कॉर्नेट दिसला. त्यासाठी कार्नोफ्स्कींनी दिलेली उचल तो आठवड्याला थोडी थोडी फेडत गेला. हे सारे त्याने १९६९ मध्ये इस्पितळात पडल्या पडल्या कृतज्ञतेने लिहिले. तेव्हा वाद्याशी त्याची ओळख सुधारगृहात जाण्याआधीच झाली होती. शिक्षण मात्र तोवर झाले नव्हते. आवाज काढता येणे ही एक गोष्ट आणि वाजवता येणे ही दुसरी, हा फरक नवशिक्याच्या ध्यानात सहसा उशिरा येतो.

कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचे धाकटे भावंड. आकाराने आटोपशीर, आवाजाने थोडा मऊ. बोटांचे आणि ओठांचे काम दोन्हींत एकच असते.

१९१२ सालच्या अखेरच्या रात्री नववर्षाच्या स्वागतासाठी अकरा वर्षांच्या लुईने घरातले पिस्तूल रस्त्यावर नेऊन हवेत झाडले. पोलिसाने त्याला तेथेच धरले, आणि १ जानेवारी १९१३ रोजी बालन्यायालयाने त्याची रवानगी कृष्णवर्णीय निराश्रित मुलांच्या गृहात केली. हे गृह शहराबाहेर होते. जोसेफ जोन्स नावाचे माजी सैनिक ते चालवीत आणि तेथील शिस्तही लष्करी होती. उठणे, जेवणे, झोपणे ही सर्व कामे ब्यूगलच्या इशाऱ्यावर चालत. पहिले काही दिवस लुईने अन्नाला स्पर्श केला नाही. मग भुकेपुढे त्याचे काही चालले नाही.

या गृहात एक बँड होता आणि पीटर डेव्हिस नावाचे शिक्षक तो चालवीत असत. आपल्याला बँडमध्ये घ्यावे ही लुईची तळमळ होती. डेव्हिस मात्र त्याच्याकडे पाहायलाही तयार नव्हते. तसल्या वस्तीतला मुलगा वाईटच निघणार, असा त्यांचा ग्रह होता. क्षुल्लक कारणावरून त्यांनी त्याला माराची शिक्षाही केली. लुई रोज तालमीच्या जागी जाऊन एका कोपऱ्यात बसे आणि ऐकत राही. याला मी शिक्षणाचा पहिला टप्पा म्हणतो. आपल्याकडे नवे गीत शिकवताना प्रथम कागद हातात दिला जातो. या मुलाच्या हातात कागद नव्हता आणि वाद्यही नव्हते, होते ते फक्त कान. आठवडेच्या आठवडे ऐकत राहिल्याने बँडच्या साऱ्या चाली त्याला वाद्य हाती येण्यापूर्वीच पाठ झाल्या.

हळूहळू डेव्हिस यांचे मन वळले. प्रथम त्यांनी त्याला गाणाऱ्या मुलांत घेतले. मग एके दिवशी बँडमध्ये बोलावले आणि त्याच्या हाती डफली दिली. मुलाची मोठी निराशा झाली, कारण त्याचे डोळे कॉर्नेटवर होते. तरी त्याने कुरकुर केली नाही. डफलीवर त्याचा ताल पक्का दिसल्यावर त्याला ढोल मिळाला. ढोलानंतर आल्टो हॉर्न आला. हे पितळी वाद्य मुख्य चाल वाजवत नाही, चालीखालची साथ भरून काढते. लुईला त्याची अडचण वाटली नाही. रस्त्यावर चार मुलांच्या गटात गाताना आपला भाग इतरांच्या भागाशी जुळवून घ्यायची त्याला सवय होती. गाताना ज्या जागी आपला आवाज ठेवायचा त्याच जागी वाद्याचा आवाज ठेवायचा, एवढे त्याने ताडले आणि बाकीचे कानाने सांभाळले.

त्यानंतर गृहातील ब्यूगल वाजवणारा मुलगा घरी गेला आणि ते काम लुईकडे आले. ब्यूगल काळवंडून हिरवट झाला होता. त्याने सर्वांत आधी तो घासून लख्ख केला.

ब्यूगलला कळा नसतात. फुंकणाऱ्याचे ओठ आणि श्वास यांवाचून त्याला दुसरे साधन नाही. ओठ सैल ठेवले तर खालचा सूर येतो, आवळले तर वरचा, आणि अशा चार-पाच सुरांवर लष्कराचे सगळे इशारे भागतात. बायबलच्या भाषांतराचे काम करताना या गोष्टीचा मला उपयोग झाला आहे. हिब्रूमध्ये शोफार म्हणजे मेंढ्याचे शिंग आणि हत्सोत्स्रा म्हणजे धातूची सरळ नळी. या दोन्हींना कळही नसे आणि बोटाने झाकायचे भोकही नसे. तरीही गणनाच्या दहाव्या अध्यायात रुप्याच्या दोन कर्ण्यांचे निरनिराळे इशारे सांगितले आहेत. मंडळी जमवण्याचा इशारा वेगळा, तळ हलवण्याचा वेगळा, आणि याजकांनी ते चुकता कामा नयेत. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात अस्पष्ट नाद काढणाऱ्या कर्ण्याचा दृष्टान्त आहे. ओठांवर काबू नसलेला मनुष्य कर्णा कसा वाजवतो हे ज्याने ऐकले आहे, त्याला तो दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाही. दिवसातून अनेक वेळा, ठरलेल्या घटकेला, शेकडो कान ऐकत असताना लुईला स्पष्ट सूर काढावा लागे. इशारा चुकला तर सारे गृह चुकणार. यापरता सराव कोणता?

यानंतर डेव्हिस यांनी त्याच्या हाती कॉर्नेट दिला. कॉर्नेटला तीन कळा असतात. मधली दाबली की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिलीने पूर्ण स्वराने, तिसरीने दीड स्वराने. या तिन्ही एकेकट्या किंवा मिळून दाबल्या की ब्यूगलच्या सुरांमधील मोकळ्या जागा भरून निघतात. कळांचे काम एवढेच, सूर ओठच घडवतात. लुईचे ओठ तोवर तयार झाले होते, ताल अंगात मुरला होता, कान साथीचे सूर ओळखत होता. राहिले होते फक्त बोटांचे काम. म्हणून तो इतक्या लवकर पुढे गेला. पाहणाऱ्यांना तो चमत्कार वाटला असेल, पण डफलीपासूनच्या पायऱ्या मोजल्या तर त्यात फारसा चमत्कार उरत नाही.

डेव्हिस यांनी त्याला कॉर्नेटवर शिकवलेले पहिले गीत म्हणजे ‘होम, स्वीट होम’. ही हेन्री बिशप यांची १८२३ सालची चाल. घर नसलेल्या मुलांच्या गृहात घराचे गोडवे गाणारे गीत का निवडले, हे कोणी नोंदवलेले नाही. संगीताच्या दृष्टीने मात्र ही निवड शहाणपणाची होती. चाल संथ आहे, बहुतेक सूर शेजारच्या सुराकडे जातात, मोठ्या उड्या थोड्या आहेत आणि वाक्ये छोटी असल्याने श्वास घ्यायला जागा मिळते. शिवाय ती सर्वांच्या कानात बसलेली असल्याने चूक झाली की वाजवणाऱ्यालाच आधी कळते.

आपल्या मंडळीतील नवशिक्याने नवे गीत घ्यायचे झाल्यास हाच क्रम धरावा असे माझे मत आहे. जे गीत गाता येत नाही ते वाजवायला घेऊ नये. प्रथम ते तोंडाने म्हणावे, श्वास कोठे घ्यायचा ते शब्दांवरून ठरवावे. मग ट्रंपेट ओठाला न लावता, चाल गुणगुणत नुसत्या कळा दाबाव्या. बोटे चालू लागली की एकच ओळ घ्यावी, तीही गाण्याच्या निम्म्या वेगाने. जेथे अडते तेथील दोन-तीन सूर वेगळे काढून तेवढेच घोटावे. पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केल्याने सुरुवात तेवढी चांगली होते आणि अडणारी जागा अडतच राहते. जितका वेळ वाजवले तितकाच वेळ ओठांना विसावा द्यावा. दिवसातून दहा दहा मिनिटांच्या तीन बैठका या रविवारी दुपारच्या सलग दोन तासांपेक्षा कितीतरी जास्त देऊन जातात.

विसाव्याचा हा मुद्दा मी मुद्दाम सांगतो, कारण लुईच्या शिक्षणात हीच एक मोठी उणीव राहिली. ओठांवर माउथपीस नेमके कोठे ठेवावे आणि किती दाबावे, हे त्याला त्या वयात कोणी नीट दाखवले नाही. जेथे सूर निघाला तेथे त्याने ते टेकवले आणि वरचे सूर हवे तेव्हा ओठांवर दाबले. त्याची किंमत पुढे वीस वर्षांनी द्यावी लागली.

डेव्हिस यांनी अखेर त्याला बँडचा नायक केले. ज्या मुलाला ते उभेही करीत नव्हते, तोच आता सर्वांपुढे चालत होता. एकदा बँडची मिरवणूक लुईच्या जुन्या वस्तीतून गेली. जुगारी, दारुडे, बदनाम घरांतल्या स्त्रिया, सगळे आपल्या मेरी अ‍ॅनचा पोरगा गणवेश घालून कॉर्नेट वाजवतो आहे हे पाहायला दारात आले. झोपलेल्या आईला कोणीतरी उठवून आणले. त्या लोकांनी टोप्या भरभरून पैसे दिले, इतके की त्यातून बँडला नवे गणवेश आणि नवी वाद्ये घेता आली. आपण ज्यांना पापी म्हणून बाजूला ठेवतो त्यांनी त्या दिवशी निराश्रित मुलांसाठी जे दिले, ते त्या शहरातील प्रतिष्ठितांनी दिले असते का, हा प्रश्न माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही.

१६ जून १९१४ रोजी लुईची सुटका झाली. बाहेर आल्यावर त्याच्याजवळ स्वतःचे वाद्य नव्हते. तो खेचराच्या गाडीवरून कोळसा पोहोचवू लागला आणि रात्री गुत्त्यांतून मिळेल ते वाद्य वाजवू लागला. त्या काळी शहरातील पहिल्या प्रतीचे कॉर्नेटवादक जो ऑलिव्हर होते. लुई त्यांच्या पत्नीची किरकोळ कामे करी आणि मोबदल्यात ऑलिव्हर त्याला शिकवीत. त्यांनी आपला एक जुना कॉर्नेटही त्याला दिला. बोटे चपळ झालेला तरुण सुरांची आतषबाजी करू पाहतो. मूळ चाल ऐकणाऱ्याला ओळखू आली पाहिजे, हा ऑलिव्हर यांचा आग्रह होता. आर्मस्ट्राँग यांची पुढील ध्वनिमुद्रणे ऐकावीत. चाल कितीही वळवली तरी तिचा कणा कोठेही मोडलेला नाही.

१९१९ च्या सुमारास त्याला मिसिसिपी नदीवरील प्रवासी बोटीच्या वाद्यवृंदात काम मिळाले. फेट मॅरेबल हे तेथील कडक प्रमुख होते आणि तेथे कागदावर लिहिलेले संगीत वाचता येणे आवश्यक होते. लुईला ते जवळजवळ येत नव्हते. त्याच वृंदातील डेव्हिड जोन्स नावाच्या सोबत्याने फावल्या वेळात त्याला वाचायला शिकवले. वयाच्या अठराव्या वर्षी, नाव होऊ लागले असताना, त्याने पुन्हा मुळाक्षरे गिरवली. आपल्या वादकांसाठी येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. नेहमीच्या ट्रंपेटवर कागदावरचा सा वाजवला तर प्रत्यक्ष ऐकू येणारा सूर एका पूर्ण स्वराने खाली असतो. म्हणून गीतपुस्तकातील चाल ऑर्गनबरोबर वाजवायची असेल तर ती एक स्वर वर लिहून घ्यावी लागते. पहिल्याच तालमीत ऑर्गन आणि ट्रंपेट यांचे भांडण झालेले आढळते ते बहुधा यामुळेच. दोष वादकाचा नसतो.

ऑगस्ट १९२२ मध्ये ऑलिव्हर यांनी त्याला शिकागोला बोलावले. आईने वाटेसाठी माशाचे सँडविच बांधून दिले आणि तो आगगाडीत बसला. पुढचा इतिहास जगाला ठाऊक आहे. १९२५ पासून ‘हॉट फाइव्ह’ या नावाने निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकांनी जाझ संगीताची दिशा बदलली, आणि याच सुमारास त्यांनी कॉर्नेट सोडून ट्रंपेट हाती घेतला. या वर्षांवर पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले आहेत, मी येथे थांबत नाही.

उणिवेचा हिशेब १९३३ मध्ये लंडनमध्ये पुढे आला. रोजचे कार्यक्रम आणि उंच सुरांची हाव यांमुळे आर्मस्ट्राँग यांचा ओठ फाटला, रक्त वाहू लागले. पुढील वर्षी कित्येक महिने पॅरिसमध्ये त्यांना वाद्यापासून दूर राहावे लागले. ओठांसाठी एक जर्मन मलम ते पुढे जन्मभर वापरत. ट्रंपेटवादकांच्या ओठांभोवतीचा स्नायू फाटण्याच्या विकाराला १९८२ मध्ये एका वैद्यकीय लेखात त्यांच्या ‘सॅच्मो’ या टोपणनावाने ओळख दिली गेली. थोर वादकाचे नाव रोगाला मिळावे ही विचित्र कीर्ती खरी. पण ओठ दुखू लागताच वाद्य खाली ठेवावे हे नवशिक्याला पटवण्यास त्याहून चांगला पुरावा नाही.

त्यांच्या वादनाचे पडसाद आपल्या देशातही उमटले. गोव्यातील आल्दोना गावचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे मुंबईत ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेले ट्रंपेटवादक, यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर त्यांनी चित्रपटांसाठी काम केले. गोव्याच्या चर्चशाळांतून मुलांना आधी स्वरलिपी गाऊन शिकवत आणि वाद्य नंतर हाती देत. चित्रपटसंगीताला इतके गोमंतकीय वादक मिळाले त्याचे मूळ या शाळांत आहे. न्यू ऑर्लीन्सच्या सुधारगृहात आणि गोव्याच्या गावांत, एकमेकांची काही माहिती नसताना, गाणे आधी आणि वाद्य नंतर हाच क्रम ठरला होता.

आर्मस्ट्राँग यांचे खाजगी जीवन आपल्या मंडळ्यांत आदर्श म्हणून दाखवण्याजोगे नव्हते. त्यांची चार लग्ने झाली आणि गांजाची सवय त्यांनी लपवली नाही. तरीही आजीच्या बोटाला धरून ऐकलेली गीते त्यांनी सोडली नाहीत. १९३८ मध्ये त्यांनी स्वर्गात प्रवेश करणाऱ्या संतांचे प्रसिद्ध गीत नाचाच्या ठेक्यात ध्वनिमुद्रित केले तेव्हा काही भाविक दुखावले. १९५८ मध्ये त्यांनी बायबलमधील विषयांवरील आध्यात्मिक गीतांची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली. १९५७ मध्ये लिटल रॉक येथे कृष्णवर्णीय मुलांना शाळेत जाऊ दिले जात नव्हते, तेव्हा सरकारतर्फे व्हायचा रशियाचा दौरा त्यांनी जाहीरपणे नाकारला. वस्तीवरून मुलाची किंमत ठरवली जाणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते.

पीटर डेव्हिस यांच्याशी त्यांचा संबंध मात्र तुटला नाही. १९३१ मध्ये नऊ वर्षांनी जन्मगावी आले तेव्हा ते गृहाला भेट द्यायला गेले आणि आपल्या दोन्ही गुरुजनांसमवेत त्यांनी छायाचित्र काढून घेतले. १९६५ मध्ये अमेरिकेतील एका लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात वृद्ध डेव्हिस यांना आणण्यात आले. त्यांचे गुपित कार्यक्रमातील मंडळींनी ओळखायचे होते. ते गुपित म्हणजे लुई आर्मस्ट्राँग यांना पहिले धडे त्यांनी दिले होते.

६ जुलै १९७१ रोजी न्यूयॉर्कमधील कोरोना भागातील आपल्या घरी आर्मस्ट्राँग निवर्तले. जवळच्याच चर्चमध्ये अंत्यविधी झाला आणि पेगी ली या गायिकेने प्रभूची प्रार्थना गायली. न्यू ऑर्लीन्सच्या जाझ संग्रहालयात, सुधारगृहात लुई वाजवत असे असा मानला जाणारा कॉर्नेट जपून ठेवला आहे. त्याच्या माउथपीसच्या कडेवर खाचा आहेत. ते ओठांवरून घसरू नये म्हणून मुलाने त्या स्वतःच पाडल्या होत्या.